हातभर लांब धरलेली पोर

माझ्या भावजयीला सगळा बाजार रफूवाली म्हणतो. तिचं खरं नाव निम्म्या लोकांना सांगता यायचं नाही. लाँड्रीच्या मागच्या खोलीत, इस्त्रीच्या वाफेत ती बसते. कोटाला सिगारेटने भोक पडलेलं असो की लोकरीला कसर लागलेली असो, त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून ती धागे उपसते आणि भोक असं भरून काढते की मालकाला आपलाच कोट उलटसुलट करून ते शोधावं लागतं. तिच्या टेबलाला एक वाकणारी दांडी, दांडीला बशीएवढं भिंग आणि भिंगाभोवती दिवा. नवऱ्यापेक्षा त्या भिंगाशीच तुझं जास्त जमतं, असं मी तिला चिडवायचे. मी तिची थोरली नणंद. तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून कुणी सांगायला नको.

लग्नाला बरीच वर्षं झाली, सगळ्यांनी आशा सोडली, आणि चाळिशी समोर दिसायला लागल्यावर हिला मुलगी झाली. माझा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो, बिघाड दिसल्याशिवाय तोंड उघडत नाही. तो माणूससुद्धा त्या दिवशी जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगत होता. अंग सावरल्यावर रफूवाली लाँड्रीत जायला लागली. पोर माझ्याकडे राहायची, आणि दुपारी ती दूध पाजायला घरी यायची.

ती घरी आल्यावर पहिलं काम काय, तर ॲप्रनला टोचलेल्या सुया एकेक काढून डबीत ठेवायच्या. मग हात धुवायचे, मग पोरीला उचलायचं. उचलायची तीही कशी, तर दोन्ही हात लांब करून, हातभर अंतरावर, आणि निरखून बघायची. मला वाटायचं, एखादी सुई राहून गेली असेल अशी भीती असेल हिच्या मनात. सुयांशी संसार करणाऱ्या माणसाला तेवढी धास्ती असणारच.

पोर मात्र भलतीकडे बघायची. कधी खिडकीच्या चौकटीकडे, कधी पंख्याच्या पात्याकडे, नाहीतर उचलणाऱ्याच्या कपाळाच्या वर, जिथून केस सुरू होतात तिथे. मध्येच दोन्ही बुबुळं नाकाशी गप्पा मारायला आल्यासारखी आत वळायची. मला हसू यायचं. रफूवाली हसायची नाही.

त्याला कारण होतं. तिची आईही रफू करायची, आणि तिची नजर हातपाय धड असतानाच गेली. ही शाळेतून आली की आईसाठी सुयांत दोरे ओवून ठेवायची, पुढेपुढे तर रफूही हीच करायची आणि आई नुसती शेजारी बसून कापड चाचपायची. शेवटी आई हिला हाकेवरून ओळखायची. हे सगळं तिने मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता, मान खाली घालून. आजीचे डोळे नातीला आलेत, हे तिच्या मनाने तेव्हाच घेतलं असणार.

एका दुपारी मी भांडी ठेवून खोलीत आले, तर ही पोरीसमोर चिमटीत काहीतरी धरून हलवत होती. हात पार लांब केलेला. मला चिमटीत काहीच दिसेना. जवळ जाऊन चष्मा सारखा केला तेव्हा दिसला: करड्या रंगाचा धागा, केसापेक्षा बारीक. त्यांच्या धंद्यात शिकायला आलेल्या पोरीची परीक्षा अशीच घेतात. धागा हवेत धरायचा आणि कुठे आहे ते बोटाने दाखवायला सांगायचं. दाखवता आलं तर बस, नाही तर घरी जा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. अंगावर पिणाऱ्या पोरीची कसली परीक्षा घेतेस, असं मी तिला फाडफाड बोलले. तिने धागा बोटाभोवती गुंडाळला आणि शांतपणे म्हणाली,

"ताई, हिला दिसत नाही."

आता मला गप्प बसवेल तर शपथ. मी पोरीला उचललं आणि तोंडाला तोंड लागेल इतकी जवळ धरली. माझा वाचायचा चष्मा जाड काळ्या फ्रेमचा, तो माझ्या नाकावरून झोपतानाच उतरतो. पोरीची नजर त्या काळ्या फ्रेमला अशी चिकटली की मी मान डावीकडे नेली की तिचे डोळे डावीकडे, उजवीकडे नेली की उजवीकडे. वर ओठ फाकून पोर हसली. मी विजयी मुद्रेने रफूवालीकडे बघितलं. ती दारापाशी उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर सुटकेचा मागमूस नव्हता.

"तुमच्याकडे बघते," ती म्हणाली. "माझ्याकडे नाही बघत."

झालं. आधी एक भीती होती, आता दोन झाल्या. डोळे अधू असतील ही पहिली, आणि डोळे बरे असले तर पोरीला आई नको आहे, ही दुसरी. कुठलीही खरी ठरली तरी हिचंच काळीज फाटणार होतं. त्यानंतर ती पोरीला पाजायला घ्यायची आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसायची. मी समोरच असायचे, मला सगळं दिसायचं. पोर दूध पिताना डोळे वर करून आईच्या हनुवटीकडे टकामका बघायची. मी म्हणायचे, अगं, खाली बघ, बघतेय ती. ती एकदाच खाली बघायची, तेही मान मागे ओढून, आणि परत भिंतीकडे वळायची. मी समजूत घालतेय असं तिला वाटायचं. तसं माझं तोंड समजूत घालण्यासाठी कधी प्रसिद्ध नव्हतं, पण भीती बसलेल्या माणसाला कोण समजावणार?

घरात हसणंबोलणं कमी झालं. भाऊ जेवताना ताटात बघायचा. पोरीच्या औषधाची बाटली आणली की रफूवाली माझ्या हातात कोंबायची, किती द्यायचं ते तुम्हीच वाचा म्हणायची. घरच्या शर्टाची बटणंही मलाच लावायला सांगायची, दिवसभर तेच करून जीव विटतो म्हणून. मी कुरकुरत लावायचे. मला वाटलं, पोरीच्या काळजीने हिचं कशातच मन लागत नाही.

तिसरा महिना भरत आला तेव्हा मीच हट्टाला पेटले आणि दोघींना मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वाटेत रफूवालीने पोरीला माझ्याकडे दिलं. दवाखान्याच्या बाकावर तिने माझा पदर घट्ट धरून ठेवला होता. डॉक्टरीणबाई अजून काही बोलल्याही नव्हत्या, तरी हिच्या डोळ्यांत पाणी तयार होतं.

बाईंनी आधी पोरीच्या डोळ्यांत बारीक दिवा टाकून बघितलं. मग काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा पुठ्ठा धरला, मग लाल चेंडू. पोरीने चेंडूचा पाठलाग या टोकापासून त्या टोकापर्यंत केला, जणू त्याच्याकडून काही घेणं होतं. रफूवालीने तेव्हा धाग्याचं सांगितलं. बाई हसल्या नाहीत, याचं मला बरं वाटलं. त्यांनी नीट समजावलं. जन्मल्यावर बाळाला सगळं धूसर दिसतं. कुशीतून आईचा चेहरा जेवढ्या अंतरावर येतो तेवढंच काय ते बरं दिसतं, त्यापलीकडे नुसत्या सावल्या. म्हणून बाळं जिथे काळं आणि उजळ एकमेकांना भिडतं तिथे बघतात, खिडकीची चौकट, केसांची कड, जाड फ्रेम. डोळे मधूनमधून तिरळे होतात, कारण दोघांना मिळून काम करायची सवय व्हायची असते. हळूहळू नजर ठरते, हलत्या गोष्टीमागे जाते, मग रंग कळतात, मग जवळलांब. करडा धागा तिला दिसायला अजून बराच अवकाश आहे. ही पोर अगदी वेळेवर चालली आहे.

मी मोठा श्वास सोडला. रफूवालीने सोडला नाही.

"चेंडूकडे बघते हो," ती म्हणाली. "माझ्याकडे बघत नाही."

बाईंनी पोर तिच्या हातात दिली आणि चेहरा वीतभर अंतरावर न्यायला सांगितलं. तिने पोरीला जवळ आणलं, आणि लगेच तिची मान मागे गेली, कोपरं सरळ झाली, पोर हातभर लांब. बाईंनी परत सांगितलं, परत तेच. मग बाई पोरीकडे बघायचं सोडून हिच्याकडे बघायला लागल्या. काम काय करता, त्यांनी विचारलं. रफू. ते कसं करता? भिंगाखाली. आणि भिंग नसलं तर? रफूवालीला प्रश्नच कळेना. भिंगाशिवाय कुणी रफू करतं का, असं तिने उलट विचारलं.

बाई माझ्याकडे वळल्या. "तुमचा चष्मा जरा यांना द्या."

मी चष्मा काढून तिच्या नाकावर चढवला. एका बाजूने वाकडाच बसला. पोर मांडीवर होती, तोंड वर करून. रफूवालीने खाली बघितलं आणि तशीच राहिली. मला वाटलं, चष्म्याने हिला घेरी आली.

"हिला पापण्या आहेत," ती म्हणाली.

मला त्या बाटल्या आठवल्या, ती बटणं आठवली. लाँड्रीतल्या त्या भिंगाने हिची अधू झालेली नजर आमच्यापासून लपवली होती, आणि हिच्यापासूनही. त्याच्याखाली सगळं स्वच्छ दिसायचं, मग डोळे गेलेत असं वाटणार कसं? घरी भिंग नव्हतं, पण घरी पोर होती. जवळ धरली की पोरीला आई दिसायची आणि आईला पोर दिसायची नाही. लांब धरली की आईला पोर दिसायची आणि पोरीला नुसती सावली. पुढे पोरीची नजर लांबवर पोचायला लागली, पण तोवर हिने भिंतीकडे तोंड केलं होतं.

मी बाईंच्या कानावर हिच्या आईचंही घातलं. बाई सांगत होत्या की बहुतेक साधा चष्म्याचा नंबरच असेल, पण आईची नजर गेलेली म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडून नीट तपासून घ्या, उशीर करू नका. रफूवाली मान हलवत होती, पण तिचं लक्ष नव्हतं. पोरीने तिच्या नाकावरच्या काळ्या फ्रेमवर डोळे रोवले, मग ते फ्रेमवरून सरकले आणि तिच्या डोळ्यांवर येऊन थांबले. पोर हसली. रफूवालीच्या गालावरून पाणी घळाघळा वाहत होतं, आणि चष्म्याची काच भिजेल म्हणून ती ते पुसतही नव्हती.

"ताई," तिने वर न बघता विचारलं, "ही कधीपासून बघतेय माझ्याकडे?"

मी पोरीचं निघालेलं पायमोज्याचं टोक ओढून बसवलं. बाहेर आल्यावर रस्त्याने मी पुढे आणि ती मागे, पोरीला छातीशी धरून, पावलागणिक थांबत. घरी पोचेपर्यंत मी तिच्याकडे चष्मा परत मागितला नाही.