ठेक्याची खिडकी

मोताळ्यात आम्हाला घर मिळालं ते दुसरं कोणी घेत नव्हतं म्हणून. माझे यजमान तिथल्या शाळेत मास्तर म्हणून बदलून आले होते, लग्नाला आमच्या सहा महिने झाले होते, आणि बाजारगल्लीच्या टोकाला दोन खोल्या रिकाम्या आहेत असं शाळेच्या शिपायाने सांगितलं. भाडं कमी होतं. ते कमी का, हे सामान लावून झाल्यावर कळलं. पुढच्या खोलीत पूर्वी गांजाचा सरकारी ठेका होता.

आता हे कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. पण आमच्या भागात गांजा परवान्याने विकला जायचा. सरकारी मोहोर लावलेले डबे यायचे, तोलून पुडी मिळायची, आणि किराणा घ्यावा तसे लोक ती घेऊन जायचे. मग मुंबईकडचा दारूबंदीचा कायदा, दारूसोबत गांजालाही बंदी घालणारा, इकडेही लागू झाला आणि ठेका बंद पडला. महाराष्ट्र होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. परवाना ज्यांच्या नावावर होता ते गृहस्थ वारले होते. त्यांची बायको त्याच घरात, आमच्या दोन खोल्यांच्या मागे, एकटी राहायची. मी तिला काकू म्हणायची. नवरा दम्याने अंथरुणावर, म्हणून शेवटची कितीतरी वर्षं ठेक्यावर तीच बसत होती.

पुढच्या खोलीला आम्ही दोनदा चुना दिला, तरी वास गेला नाही. सकाळी तो नसायचा. उन्हं चढली, भिंती तापल्या की हळूहळू यायचा, ओल्या गवतात कोणी डिंक जाळतंय तसा. त्या खोलीला रस्त्याकडे हातभर रुंदीची एक गजांची खिडकी होती. तिची खालची फळी हात लागून लागून मधोमध खोलगट झाली होती.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी मी ज्वारी निवडत बसले होते. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. एकदम खिडकीतला उजेड कमी झाला म्हणून वर पाहिलं, तर गजांमधून एक हात आत आलेला. तळवा वर. त्याला तीनच बोटं होती. हाक नाही, खाकरणं नाही, काही नाही. हात तसाच राहिला, मग सावकाश मिटला, जणू त्याच्यावर कोणी काही ठेवलं होतं, आणि बाहेर गेला. मी दाराशी गेले. पांढरं पागोटं घातलेला एक उंच म्हातारा उन्हात चालत निघाला होता. मूठ त्याने छातीशी धरली होती.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला तेच. त्याच्या पुढच्या दिवशी मी काकूंना विचारलं.

"तो व्हय," काकू म्हणाल्या. "कापसाच्या जिनात व्हता कामाले. यंत्रात हात गेला त्याचा. तवापासून या खिडकीवर येते. आता ठेका बंद हाये हे त्याले ठाऊक हाये, पन त्याच्या पायाईले ठाऊक नाई."

"त्याला नको येऊ म्हणून सांगा ना. मला भीती वाटते."

"मी बारा खेपा सांगतलं. हाव म्हनते न् दुसऱ्या दिवशी येते. गेलेली बोटं दुखते म्हनते. जे नाईत ते कशे दुखतीन, सांगा. पन दुखते."

मास्तरांना मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, खिडकीला आतून फळी ठोकतो. ठोकली नाही. गांजाशी त्यांचं जुनं वैर होतं, आणि त्या खिडकीला ते हातही लावत नसत. त्यांचा पाठचा भाऊ मॅट्रिकला असताना चिलीम ओढणाऱ्या बैराग्यांच्या नादी लागला आणि एक दिवस घरातून गेला. शेगावच्या स्टेशनात बाकड्याखाली त्याच्या चपला सापडल्या, तो सापडला नाही. सासूबाईंनी त्या चपला बरीच वर्षं दाराशी ठेवल्या होत्या. घरात त्याचं नाव कोणी घेत नसे. मास्तर तर नाहीच.

त्या उन्हाळ्यात गावात एक अर्ज करायचं चाललं होतं. ज्यांना जुनी सवय आहे अशा म्हाताऱ्यांपुरता ठेका पुन्हा उघडावा, असा. मास्तरांचं अक्षर चांगलं, म्हणून सरपंच त्यांच्याकडेच आले. मास्तरांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. सरपंच गेल्यावर काकू ओट्यावर येऊन बसल्या.

"मास्तर, काऊन नाई म्हनलं?"

"काकू, विष मोजून विकलं म्हणून औषध होत नाही."

"मी कदी औषद म्हनलं? पन ठेका व्हता तवा कोन घेते, किती घेते, मले ठाऊक व्हतं. पोट्टं आलं त मी हाकलून देत व्हती. आता बाजारात कोनी बी देते, कोनाले बी देते. त्यात काय हाये ते देनाऱ्याले बी ठाऊक नसते."

"पोरांना तुम्ही हाकलत होता. मग माझ्या भावाला कोणी दिलं?"

काकू म्हणाल्या, "आमच्यासारख्यानंच कोनी देलं असंन." आणि उठून आत गेल्या. मास्तर त्या रात्री जेवले नाहीत.

वैशाखातला एक बाजारचा दिवस होता. शाळेला सुट्टी असल्यामुळे मास्तर भाजी आणायला गेले होते. दुपारी बाजारात नेहमी गलका असतो, पण त्या दिवशी आमच्या टोकाला तो हळूहळू बंद पडत गेला. मी दार उघडलं. तीन बोटांचा म्हातारा आमच्या ओट्यावर खिडकीखाली बसला होता. चेहरा तांबडा, ओठ सुकून पांढरे, आणि डोळ्यांतल्या बाहुल्या इतक्या मोठ्या की डोळे नुसतेच काळे दिसत होते. तो कापूस वेचत होता. समोर हवेशिवाय काही नव्हतं. त्या हवेतून तो तीन बोटांनी एकेक बोंड सोडवत होता, सरकी काढून डावीकडे टाकत होता, कापूस मांडीवर गोळा करत होता. इतक्या नेमकेपणाने, की डावीकडे सरकीचा ढीग आहे का म्हणून मी पाहिलं.

गल्लीत लोक जमले होते, पण लांब. जवळ कोणी येत नव्हतं. म्हातारा अधूनमधून कोणाकोणाशी बोलत होता. "सरक बे, गाडी येऊन राह्यली," असं म्हणून त्याने पाय आखडून घेतले आणि कोणतीशी गाडी समोरून जाईपर्यंत मान वळवून पाहत राहिला. गल्लीतल्या दोघातिघांनीही मान वळवली.

मास्तर आले. त्यांनी पिशवी खाली ठेवली, आतून तांब्या आणला आणि म्हाताऱ्यापुढे वाकले. म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांच्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"मास्तर, तुमच्या मांगं तो किती येळचा उभा हाये. त्याले बसाले सांगा ना."

"कोण?"

"अनवानी हाये. पाय पोळून राह्यले त्याचे."

मास्तरांनी मागे वळून पाहिलं नाही. मी पाहिलं. मागे पांढरं ऊन होतं, आणि लांब लोक उभे होते तिथपर्यंत रिकामी गल्ली. मास्तरांनी तांब्या म्हाताऱ्याच्या ओठांना लावला. पाणी ओट्यावर सांडत होतं आणि दगड तापलेला असल्यामुळे लगेच वाळत होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी म्हाताऱ्याला पाहून सांगितलं, गांजात धोतऱ्याचं बी कुटून घातलंय. बाजारात बैलगाड्यांजवळ कोणी परका माणूस पुड्या विकून गेला होता. म्हातारा धरून ओढणारे तिघं होते. एक शिंपी दिवसभर भिंतीशी भांडत राहिला आणि शुद्धीवर आला. तिसरा एक तरणा गाडीवान होता. मी त्याला ओळखत नव्हते. तो बाजारातून थेट शेतात गेला. लांबून बायकांनी त्याला पाहिलं. विहिरीच्या काठाशी तो थांबला, पलीकडे कोणाला तरी हात केला, नदी उतरताना खोचतात तसं धोतर वर खोचलं, आणि पाय पुढे टाकला. ओरडला नाही, असं त्या बायका सांगत होत्या. तेच त्यांना विसरता येत नव्हतं.

त्यानंतर आठ-दहा दिवस बाजारगल्लीत लोक हळू बोलायचे. म्हातारा तीन दिवसांनी ताळ्यावर आला. त्याला काही आठवत नव्हतं. आपण मास्तरांना काय म्हणालो हे तो मला विचारायला आला, कारण मास्तर त्याला पाहून रस्ता बदलत होते. मी सांगितलं नाही.

ग्रामपंचायतीत बैठक झाली. मी गेले नव्हते, काकू गेल्या होत्या. त्यांनी येऊन सांगितलं. कोणी म्हणालं, ठेका असता तर गाडीवान वाचला असता. कोणी म्हणालं, ठेक्यानेच सवय लावली म्हणून मेला. दोन्हीकडून माणसं तावातावाने बोलली. मग मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, "मी याच्या विरोधात होतो आणि आहे. पण अर्ज मी लिहून देतो."

एवढंच बोलून ते खाली बसले. अर्ज त्यांनी आमच्या पुढच्या खोलीत बसून लिहिला, दोन वेळा खोडून. खाली सही मात्र केली नाही. सह्या आणि अंगठे इतरांचे होते.

उत्तर यायला दिवाळी उजाडली. कायद्यात अशी तरतूद नाही, इतकंच होतं. थंडी पडली तसा म्हाताऱ्याचा हात जास्त दुखू लागला. तो पुन्हा खिडकीशी यायला लागला होता. आता मूठ मिटत नसे. हात गजांमध्ये तसाच ठेवून उभा राहायचा आणि मला त्याच्या दातांचा आवाज ऐकू यायचा.

एक दिवस काकू मला म्हणाल्या, "तुमच्या पुढच्या खोलीच्या माळ्यावर, तुळईच्या मांगं, एक डबा हाये. ठेका बंद केला तवा डबे नेनाऱ्या साहेबाच्या नजरेतून राह्यला. मोहोर तशीच हाये."

"मला कशाला सांगता?"

"माह्यावर लोकाइची नजर हाये. मास्तरच्या घरात कोनी पाह्यनार नाई. देनार नसान त नका देऊ. पन बाजारातली पुडी त्यानं पुना घेतली त तो बी चालला."

मी दोन दिवस काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी मास्तर शाळेत गेल्यावर शिडी लावून वर चढले. डबा होता. लाखेची मोहोर फोडली तेव्हा आतून तोच वास आला, आणि माझ्या लक्षात आलं की हा वास इतके दिवस भिंतींतून येत नव्हता, माझ्या डोक्यावरून येत होता. दुपारी हात आत आला तेव्हा मी त्यावर चिमूटभर ठेवलं. म्हातारा दचकला. त्याने हात जवळ नेऊन वास घेतला, मग गजांतून आत पाहिलं. आम्ही दोघांनी एकमेकांना पहिल्यांदाच नीट पाहिलं असेल.

असं मी हिवाळाभर केलं. शिक्षकाची बायको, घरात उदबत्तीचा घमघमाट करून ठेवायची. रोज ठरवायची की आज शेवटचं. फाल्गुनात डबा संपला. मी त्याला रिकामा डबा उलटा करून दाखवला. त्याने मान हलवली, खिडकीच्या फळीवर हात ठेवला, आणि गेला. पुढे तो मलकापूरकडे मुलीच्या गावी राहायला गेला असं कानावर आलं. तिथे त्याचं काय झालं, मला कळलं नाही.

तो गेल्यावर थोड्याच दिवसांत नळावर एक बाई माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तरणी होती, कपाळ मोकळं. माझी घागर भरेपर्यंत ती थांबली.

"तुमच्या घरी चांगला व्हता म्हनते," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मंग माह्या मालकाले काऊन नाई देला?"

मला वाटलं सांगावं, तेव्हा मला डबा ठाऊक नव्हता. ते खरंच होतं. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून ते तोंडातून निघेना. ठाऊक असता तरी मी त्या गाडीवानाला दिला नसता. तरण्या माणसाला कोणी देतं का? तिने उत्तराची वाट पाहिली नाही. तिने आपली घागर नळाखाली लावली.

त्या संध्याकाळी मी मास्तरांना सगळं सांगितलं, डब्यापासून त्या बाईपर्यंत. ते वह्या तपासत होते. त्यांनी लाल पेन्सिल खाली ठेवली.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "एकदा शाळा लवकर सुटली तेव्हा गल्लीच्या तोंडाशी उभा होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार होतो? थांबव म्हणालो असतो तर तू थांबवलं असतं."

त्यांनी पुढची वही उघडली. मग म्हणाले, "बरोबर केलं की चूक, ते मला विचारू नकोस. उद्या मला सातवीला दारूबंदीचा धडा घ्यायचा आहे."

पुढच्या वर्षी आमची अमडापूरला बदली झाली. मास्तर तिथे व्यसनाविरुद्ध भाषणं द्यायला गावोगाव जाऊ लागले. ती चांगली व्हायची. लोक ऐकायचे. भाषणानंतर कोणी म्हातारा उठून काही विचारायला लागला की मात्र ते त्याला सभेत उत्तर देत नसत. बाजूला घेऊन जात आणि पुष्कळ वेळ त्याच्यापाशी बसत. काय बोलत, ते मी कधी विचारलं नाही.