इवायाचा चेंडू

अख्ख्या वऱ्हाडात गोल्फ या खेळावर मनापासून प्रेम करणारा माणूस एकच आहे, आणि तो माझा साडभाऊ आहे. यात अतिशयोक्ती असेल तर ती 'एकच' या शब्दापुरती. प्रेमाच्या बाबतीत मी उलट हात राखूनच सांगतो आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान अमरावतीला राहतात, वीज खात्यातून निवृत्त झाले आहेत, आणि नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्याला त्यांची वडिलोपार्जित काळी जमीन आहे. त्या जमिनीत त्यांनी कापूस घेतला, तूर घेतली, सोयाबीन घेऊन पाहिलं, आणि वयाच्या साठीत धुऱ्याजवळचा, म्हणजे बांधालगतचा, एक तुकडा पडीत ठेवून त्यात गोल्फ पेरला. उगवला म्हणावा तर उगवलाही, पण एकसारखा नाही. कुठे दाट, कुठे विरळ.

याला कारण त्यांचे व्याही. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात, आणि मुलीच्या बापाने इवायाचा मान कसा ठेवायचा यावर ठेवणाऱ्याची सारी इभ्रत अवलंबून असते. हे इवाई नागपूरचे, मोठे सरकारी अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, बोलायला कमी आणि नियमाला कडक. मुलीचा साखरपुडा झाल्यावर त्यांनी आमच्या साडभावांना गोल्फच्या मैदानावर नेलं, हातात काठी दिली आणि 'मारून बघा' म्हणाले. साडभावांनी काठी अशी फिरवली की चेंडू जागेवर राहिला आणि हिरवळीचा भाकरीएवढा तुकडा उडून इवायाच्या बुटावर पडला. इवाई फक्त हसले. ते हसू साडभावांना रात्रभर चावलं. सकाळी ते मला फोनवर म्हणाले, "पोरगी त्यायच्या घरी द्याची हाय बाप्पा, अन् मले एक चेंडू हलवता येत नाही. हे बरं दिसते का?" मी अकोल्याला अंथरुणात होतो. बरं दिसत नाही, असं म्हणून मी पुन्हा झोपलो. तेव्हापासून ते झोपलेले नाहीत.

काळ्या जमिनीत गोल्फ शिकणं म्हणजे काय, ते ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. पावसाळ्यात चेंडू पडला की चिखलात रुतून दिसेनासा होतो, आणि तो शोधायला जाणाऱ्याच्या बुटांना इतकी माती चिकटते की माणूस वीतभर उंच होऊन परत येतो. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात, आणि त्या भेगांत साडभावांचे किती चेंडू गेले ते धरणीमायलाच माहीत. पहिल्या वर्षी खाली मान घालून फिरणाऱ्या या माणसाला धुऱ्यापलीकडच्या शेतकऱ्याने विचारलं, "काय हरपलं, भाऊ?" आणि लगोलग चारपाच जण त्यांच्या मागे वाकून शोधू लागले. काय शोधायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. पुढे हातातल्या काठ्या पाहून गावात अशी समजूत झाली की साहेब भूगर्भातलं पाणी पाहतात. एक गृहस्थ तर नारळ घेऊन आले आणि विहिरीची जागा दाखवा म्हणून बसले. साडभावांनी परोपरीने सांगितलं की हा खेळ आहे. "असंल," ते गृहस्थ म्हणाले, "पण काठी तं फिरवून पाहा." शेवटी यांनी एक टोला मारला. चेंडू पडला तिथे त्या गृहस्थाने खूण केली, आणि नंतर तिथे खरोखर पाणी लागलं. खेळातली यांची पहिली कीर्ती ही अशी.

शहाणा माणूस छंद घराबाहेर ठेवतो. यांनी तो घरात, नात्यात, सुखदुःखात सगळीकडे नेला. वाढायला घेतलेला वरणाचा डाव ते आधी दोनदा हवेत फिरवतात. चांदूर रेल्वेला एकदा आम्ही एका नातलगाकडे सांत्वनाला गेलो होतो. हे अंगणात बसून जमिनीकडे टक लावून होते. घरच्यांना भरून आलं. साहेबांनी किती मनाला लावून घेतलं, असं एक बाई हळू आवाजात म्हणाल्या. परत येताना गाडीत यांनी मला सांगितलं, "अंगणाचा ढाळ पाह्यला का? दिसाले सपाट, पण चेंडू सोडला तं सीधा तुळशीकडे जाईन." खरं सांगायचं तर ढाळ मीही पाहायला लागलो होतो.

खेळ सुधारत होता, पण त्यांची सुधारणा म्हणजे आमच्याकडच्या विजेसारखी. आली म्हणावं तोवर जाते. दर रविवारी त्यांना या खेळाचं एकमेव रहस्य नव्याने सापडायचं. एका रविवारी सारं डाव्या अंगठ्यात असायचं, दुसऱ्या रविवारी श्वासात, तिसऱ्या रविवारी आदल्या रात्री काय खाल्लं त्यात. चेंडू सरळ गेला त्या दिवशी ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना जिलेबी द्यायचे, आणि वाकडा गेला त्या दिवशी साधी खिचडीसुद्धा पाहुण्यासारखी संकोचून खायचे. माझी मेहुणी त्यांच्या बूट काढण्यावरून निकाल ओळखते. बूट दाराशी जोडीने आले तर बरा खेळ झाला, एक इकडे एक तिकडे पडला तर विचारायचं नाही. "लग्नात यायनं माह्याकडे एवढं ध्यान देलं नाही," ती माझ्या बायकोला म्हणाली, "जेवढं त्या काठीच्या मुठीकडे देतात." पण म्हणताना हसत होती, आणि त्यांचे मोजे तिनेच उन्हात घातले होते.

या सगळ्याच्या मागे एकच ध्यास होता. नागपूरच्या मैदानावर, इवायाच्या समोर, अठरा खड्ड्यांचा सबंध डाव शंभर टोल्यांच्या आत संपवायचा. ज्यांना हा खेळ येतो त्यांना यात विशेष वाटणार नाही, पण नांदगावच्या भेगांत शिकलेल्या माणसाला शंभर ही लहान गोष्ट नव्हती. इवायाबरोबर खेळण्यात आणखी एक अडचण होती. मुलाच्या बापाला आपल्यासमोर वाकू कसं द्यायचं? त्यामुळे इवायाचा चेंडू खड्ड्यात पडला की हे लगबगीने धावत जायचे आणि तो काढून, रुमालाने पुसून, दोन्ही हातांनी त्यांच्या हातात द्यायचे. इवाई दर वेळी म्हणायचे, "अहो, याची गरज नाही." आणि हे म्हणायचे, "असू द्या जी, आपलंच काम हाय."

मागच्या थंडीत तो दिवस आला. मी पाण्याची बाटली आणि छत्री घेऊन बरोबर चालत होतो, कारण साडभावाला एवढं तरी लागतं. त्या दिवशी त्यांचा चेंडू जणू कुणाचा तरी शब्द पाळत होता. झाडाला लागला तरी बाहेर आला, पाण्याकडे गेला तरी काठावर थांबला. शेवटच्या खड्ड्याशी आलो तेव्हा अठ्ठ्याण्णव टोले झाले होते आणि चेंडू खड्ड्यापासून दीड हातावर होता. एक हलका टोला, की नव्व्याण्णव. साडभावांनी काठीची मूठ रुमालाने दोनदा पुसली. मी मिटलेली छत्री दोन्ही हातांनी आवळून धरली होती, आणि मला तर या खेळातलं अजूनही नीट काही कळत नाही.

इवायाचा चेंडू मधेच पडलेला होता. रस्ता मोकळा करायला तो त्यांनी स्वतःच उचलायचा असतो, तसा नियम आहे. इवायांनी त्या आठवड्यात कंबरेला पट्टा बांधलेला होता. ते एक हात कंबरेवर ठेवून वाकायला लागले, अर्ध्यावर थांबले, आणि त्यांच्या तोंडून "आई ग" निघालं. त्याबरोबर आमचे साडभाऊ धावले आणि त्यांनी तो चेंडू उचलला, पुसला आणि दोन्ही हातांनी इवायापुढे धरला. धरला मात्र, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. आमनेसामनेच्या डावात खड्ड्यात न पडलेला प्रतिस्पर्ध्याचा चेंडू उचलला तर उचलणाऱ्याला एका टोल्याचा दंड. हे मला ठाऊक नव्हतं, त्या दोघांना होतं.

ज्या माणसाने आयुष्यात एक नियम वाकवला नव्हता तो इवाई दूर झाडांकडे पाहत म्हणाला, "माझं लक्ष नव्हतं. तुम्ही खेळा."

"माहं होतं," साडभाऊ म्हणाले. "दंड धरा, इवाई. मान मानाच्या जागी, खेळ खेळाच्या जागी."

मग त्यांनी तो दीड हाताचा टोला मारला. चेंडू अलगद खड्ड्यात गेला. शंभर झाले. शंभराच्या आत नाही, शंभर. टाळी वाजवावी की नाही ते मला कळेना. साडभाऊ काठीकडे पाहत उभे होते. तेवढ्यात इवाई चालत खड्ड्याशी गेले, टोपी काढून काखेत धरली, आणि दात आवळत, कण्हत, पूर्ण वाकले. मुलीच्या बापाचा चेंडू त्यांनी खड्ड्यातून काढला, सदऱ्याला पुसला आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

"अजी, हे काय करून राह्यले तुमी," म्हणत साडभावांनी तो चेंडू दोन्ही हातांनी घेतला. ते शंभराच्या आत आले असते तर मी पेढे वाटले असते. शंभरावर थांबले, म्हणून मला त्यांचा साडभाऊ असल्याचा अभिमान वाटला.

त्यानंतर साडभावांच्या गुडघ्याने दगा दिला. डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली, पण काठी फिरवायला कायमची बंदी घातली. म्हणजे शंभरातून कमी करायचा तो एक टोला आता राहिला तो राहिलाच. परवा मी नांदगावच्या शेतात त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा ते कडुलिंबाखाली खुर्चीवर बसले. काठ्या त्यांनी सोबत आणल्या होत्या. थोड्या वेळाने त्यांनी एक काठी माझ्याकडे केली आणि म्हणाले, "तुमी मारा बाप्पा एक. मी पाह्यतो कुठी जाते ते." मी जीव खाऊन मारला. चेंडू तिरपा उडाला आणि शेजारच्या तुरीत दिसेनासा झाला. ते डोळ्यांवर हात धरून बराच वेळ त्या दिशेने पाहत राहिले. मग म्हणाले, "चांगला गेला."