क्लेटन हॉग्लंडचा तराजू

११ नोव्हेंबर १९८३. टॅनर क्रीक, माँटाना. मृत एक, मागे बायको आणि भाऊ.

क्लेटन हॉग्लंडने घरी भरलेल्या काडतुसाने त्याचंच रिव्हॉल्व्हर फुटलं आणि पोलादाचा तुकडा गळ्यात शिरला. आमच्याकडे रिकामी पितळी कवचं कोणी फेकत नाही. काडतुसं घरोघरी भरली जातात. तो पिऊन बारूद मोजत होता, असं गावाने ठरवलं. पाद्र्याने अंत्यविधीत संयमावर प्रवचन दिलं. क्लेटनची बायको आर्डिस त्यानंतर चर्चची पायरी चढली नाही.

मार्चमध्ये तिने क्लेटनचा तराजू व्हर्लिन टोफ्टकडे आणला. सोबत दीर डोयल होता. दुरुस्त झालेला तराजू तोच नेणार होता. व्हर्लिनने धान्यकोठाराच्या वजनकाट्यावर उमेदीची वर्षं घालवली होती. आता तो स्वयंपाकघराच्या टेबलावर जुने तराजू नीट करी. अंदाजाने वजन सांगणं त्याला खोटं बोलण्याइतकंच गैर वाटे.

"लग्नात अंगठीसुद्धा तोलून घेतली असशील," डोयल म्हणाला.

"सासरा तोलला. तोच कमी भरला."

त्याने तराजू टेबलावर समपातळीत बसवला, सरकतं वजन दहा ग्रेनवर लावलं. ग्रेन म्हणजे जेमतेम अर्धी गुंज.

"आधी पुसत का नाहीस?" आर्डिसने विचारलं.

"क्लेटनने वापरला तेव्हा तो कसा होता, ते आधी बघू दे."

पारड्यात दहा ग्रेनचं प्रमाण वजन ठेवलं. दांडी ढिम्म. एक ग्रेन वाढवला, मग आणखी एक. तिसऱ्याला ती झटका बसल्यासारखी उठली. म्हणजे दहाच्या खुणेवर तेरा ग्रेन बारूद जात होती. व्हर्लिनने दांडी उचलून भिंगाखाली धरली. ती ज्या पोलादी धारेवर डोलते, तिथे पिवळा, चिकट थर होता. त्याने तो स्पिरिटने पुसला आणि ती धार टेकते त्या अकिकाच्या खाचाही कोरड्या केल्या. आता कागदाच्या कपट्यानेही दांडी हलली.

"तेल कोणी घातलं?"

"मी," डोयल म्हणाला. "उसना नेला होता ना. परत देताना असंच कोरडं ठणठणीत लोखंड द्यायचं?"

उसनं नेलेलं हत्यार तेल लावून परत करणं ही आमच्याकडची सभ्यता. बंदुकीला जी निगा मानवते, ती तराजूला मारक ठरते, हे दोघा भावांना ठाऊक नव्हतं. एवढ्यावर थांबलं असतं, तर तो निव्वळ अपघात ठरला असता.

"आणि क्लेटन प्यायला होता, हे गावात कोणी सांगितलं?" आर्डिसने विचारलं.

"टेबलावर बाटली होती, आर्डिस."

"तिचं सील मी अंत्यविधीच्या दिवशी फोडलं, तुझ्यासमोर. पहिला पेला तुलाच दिला."

डोयल म्हणाला, "लोक विचारत होते. काहीतरी सांगावं लागलं."

"मग येत्या रविवारी चर्चमध्ये उभा राहा आणि हे सांग."

"सांगतो."

तराजू न घेताच तो गेला. तिने व्हर्लिनकडे पाहिलं.

"तराजूचं मी सांगितलं," व्हर्लिन म्हणाला. "त्याचं त्याने सांगायचं."

व्हर्लिनचा काटेकोरपणा टेबलाच्या कडेशी संपत असे. ही सगळी हकीकत मी त्याच्या तोंडून ऐकली, तो वारला त्या हिवाळ्यात. तोवर त्यानेही ती चारचौघांत उच्चारली नव्हती.

डोयल दर रविवारी चर्चला येतो, स्तोत्रं म्हणतो, घरी जातो. क्लेटन शुद्धीत होता, हे वाक्य त्याच्याकडून अजून यायचं आहे.