पाळ वरच्या अंगाला

आश्विनातल्या एका सकाळी कडेगावच्या स्थानकावर साताऱ्याची एसटी पकडली, तेव्हा माझ्या पिशवीत दोन पेने, कार्बनचे कागद आणि एक कोरा शासकीय तक्ता होता. तक्त्याचा विषय : पाणथळ जागांची वर्गवारी. तहसील कचेरीसमोर टेबल मांडून मी गेली कित्येक वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आहे. शिक्षण सातवीपर्यंतच झाले. तथापि माझ्या हातचा अर्ज भाषेच्या कारणाने परत आल्याचे स्मरत नाही. आणि पाणथळीचे प्रकार डोळ्यांखालून घातल्याखेरीज त्यांविषयी लेखणी उचलणे मला प्रशस्त वाटेना.

निमित्त शेवंताबाईंचे. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या गावच्या तळ्यात शिंगाडे लावत आले. आता ते तळे बुजवून तेथे दुकानगाळे काढण्याचे गावकारभाऱ्यांच्या मनात होते. तळे वाचण्याची वाट एकच : पाणी आपोआप साठत असेल, तर जागा संरक्षणाच्या यादीत जाते, माणसाने बांध घालून अडवले असेल, तर यादीबाहेर राहते. 'तळ्यास बांध आहे, सबब मानवनिर्मित,' असे गावाने कळवून टाकले होते. चार दिवसांनी पाहणी होती आणि हरकत मला लिहायची होती.

साताऱ्याच्या पश्चिमेस सड्यावर (डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर) पोहोचलो, तेव्हा ऊन कोवळे होते. कातळाच्या खळग्यांत वीतभर पाणी आणि त्यात आभाळ. लहानपणी वडिलांबरोबर याच बाजूला आलो होतो. त्यांनी ओंजळीने पाणी पाजले होते, त्याची चव अजून जिभेवर आहे. म्हशी राखणाऱ्या एका म्हाताऱ्यास विचारले, "हे पाणी बारमाही आहे काय?"

"बारमाही? दिवाळीला या आन् तांब्या भरून दावा!" तो हसला. "पाव्हणं हाय ह्ये पाणी. चार म्हैनं ऱ्हातंय, जातंय."

तक्त्यात लिहिले : 'नैसर्गिक, हंगामी.' 'पाहुणे' असा रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी सांगलीकडे कृष्णाकाठी उतरलो. पाठीला सुका भोपळा बांधून ज्या डोहात मी पोहायला शिकलो, तो शोधला. वाळू उपसून त्याचा नुसता खड्डा उरला होता. पलीकडच्या शेतात उसाऐवजी लव्हाळे माजले होते आणि कडेने पांढरे मीठ फुटले होते. ही चिबड (सतत ओल धरून नापीक झालेली) जमीन. तिचे मालक मुलाणीचाचा यांनी आग्रहाने भाकरी, खरडा आणि दही पुढे ठेवले. माझा उजवा बूट त्यांच्याच वावरात रुतून राहिला होता.

"बूट ऱ्हाऊ द्या, उगवला तर पाठवून देतो," चाचा म्हणाले. मग तक्त्याकडे पाहून म्हणाले, "ह्येला काय लिवणार? पाणी आमीच पाजलं लय, तवा माणसानंच केलंय. पर आमी ठरवून न्हाई केलं, ह्ये बी लिवा."

ते मी समासात लिहिले.

तिसऱ्या दिवशी नव्या चपला घालून शेवंताबाईंच्या गावी गेलो. तळ्यावर शिंगाड्याची पाने दाट पसरली होती आणि काठाशी गावाच्या बाजूस पुरुषभर उंचीची पाळ होती. तिच्यावर जुनी बाभूळ. माझा धीर सुटला.

"बाई, हा तर बांध आहे. खोटे मी लिहिणार नाही."

"आवं भाऊ, तीन दिस पाणी बगत हिंडलासा, आन् पाळ बगून गार पडलासा?" त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "गाळ हाय त्यो. चैतात पाणी आटलं की घरटी येक गाडी गाळ काढायचा, आन् गावाच्या अंगाला टाकायचा. आज्ज्याच्या आज्ज्यापासनं. बांध म्हंता, तर उतार कुनीकडं हाय त्ये तरी बगा!"

मी पाहिले. गाव वर, पाळ वर. खालचा काठ मोकळा आणि तेथून पाणी ओढ्याला लागलेले. पाणी अडवायला वरच्या अंगाला बांध कोण घालील?

मी पाळीवरच बसलो. आमच्या गावीही गाळाच्या गाड्या निघत. बैलांच्या शिंगांना आम्ही लव्हाळ्याचे तुरे बांधत असू. ते तळे आज नाही. ते बुजवावे म्हणून ज्या अर्जावर गावाने सह्या केल्या, तो मीच लिहिला होता. 'दुर्गंधीयुक्त डबके' हे शब्द माझेच. त्या काळी ते फार वाखाणले गेले.

चौथ्या दिवशी पाहणीला साहेब आले. "बांध तर दिसतोच आहे," म्हणून ते परत फिरू लागले. मी हरकत वाचू लागलो, 'उपरोक्त विषयान्वये...'

"भाऊ, ऱ्हाऊ द्या वाचायचं," शेवंताबाईंनी मला थांबवले. "सायेब, तुमच्या बाटलीतलं पाणी ह्या पाळीच्या टोकाशी, गावाच्या अंगाला वता."

साहेबांनी ओतले. पाण्याची रेघ पाळीच्या टोकाला वळसा घालून, दगड चुकवीत सरळ तळ्यात उतरली. साहेब पाळीमागे गेले, उतार न्याहाळला, खालच्या काठापर्यंत चालत जाऊन आले. मग 'मानवनिर्मित' या शब्दावर आडवी रेघ मारून त्यांनी वर 'नैसर्गिक' लिहिले. साडीचा काचा मारून शेवंताबाई पाण्यात उतरल्या आणि शिंगाडे तोडू लागल्या.

परतीच्या एसटीत त्यांनी दिलेले उकडलेले शिंगाडे सोलत होतो. बोटे काळी झाली. इतक्या वर्षांत मी पुष्कळ पाणी पाहिले, पण उतार कधी पाहिला नव्हता. आमच्या तळ्याच्या वेळीही अशी एखादी बाई माझ्या टेबलापाशी आली असती, तर बरे झाले असते, असे प्रथम मनात आले. मग आठवले, एक आली होती. मी तिला रांगेत थांबायला सांगितले होते.