बंदूक आणि डबा

ते प्रकरण मी विसरलो होतो असं नाही, पण इतक्या वर्षांनी ते पुन्हा छळायला लागलं आणि त्याला कारण माझा जावई. निवृत्तीनंतर मी उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये मुलीकडे, सिटीवेस्टला येऊन राहतो. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. या देशात अस्वल नाही, साप नाही, रस्त्यावरच्या साध्या पोलिसाच्या कमरेलासुद्धा बंदूक नाही. अशा सुरक्षित घरात जेवणाच्या टेबलावर रोज एकच विषय चालला होता, तो म्हणजे अस्वलासाठी कोणती बंदूक चांगली.

दोघं अलास्काच्या रानात पायी भटकायला निघाले होते. बरोबर जावयाच्या ऑफिसातला एक आयरिश सहकारी. जावयाने लॅपटॉपवर बंदुकांचा बाजारच मांडला होता.

"बाबा, तुम्ही एवढी वर्षं हत्यारं हाताळलीत. फायनल सांगा ना. रिव्हॉल्व्हर कॅरी करायला सोपं, पण शॉटगनचा स्लग, ती एकच जाड गोळी, एकदम सॉलिड म्हणतात. की सरळ रायफल?"

"जावईबापू, परदेशी पाहुण्याच्या हातात तिथे बंदूक देणार कोण?"

"अहो, ते सगळं ग्रँड आहे, काही अडचण नाही. आमचा तो ऑफिसातला, युअर मॅन, आधी जाऊन आलाय. त्याच्या तिथल्या मित्राकडे सगळी हत्यारं आहेत आणि तो सोबत येणार. आपण फक्त काय घ्यायचं ते ठरवायचं. एकदा बंदूक असली की टेन्शनच नाही!"

शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी हातातला घास ताटात ठेवला. मुलगी माझ्याकडे बघत होती. मला तिथे बसवेना. जेवण अर्धवट टाकून मी जाकीट चढवलं आणि भुरभुर पावसात लुआस ट्रामच्या थांब्यापर्यंत गेलो, पाठ फिरवून परत आलो, पुन्हा गेलो. पोलिसात असताना मी असा कधी येरझाऱ्या घालत नसे. पण तेव्हा रानात माझी मुलगी जाणार नव्हती.

परत आल्यावर दोघांना समोर बसवलं आणि ते प्रकरण सांगितलं.

तेव्हा मी पूर्व विदर्भात, जंगलाला लागून असलेल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. मोहफुलांचे दिवस होते. पहाटे फुलं गळतात, गावकरी उजाडताना वेचायला जातात आणि अस्वलंही त्याच फुलांसाठी येतात. एका सकाळी एक तरुण धापा टाकत ठाण्यात शिरला. सदऱ्यावर रक्त.

"साहेब, अस्वलानं भाऊजीले मारलं जी!"

ठाणे अंमलदाराने आकस्मिक मृत्यूची नोंद घेतली आणि मी पंचांना घेऊन निघालो. प्रेत मोहाखाली पालथं पडलं होतं. डोक्यावर, खांद्यावर नखांच्या खोल जखमा. वनरक्षकाने मातीतले ठसे दाखवले. पंचनामा केला, प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं. माझ्या दृष्टीने प्रकरण संपल्यात जमा होतं.

दुपारी माझा एक खबऱ्या ठाण्यामागे येऊन उभा राहिला. तंबाखू मळत, इकडेतिकडे बघत म्हणाला, "साहेब, सकाळी रानात बार झाला. अस्वल काही बंदूक घेऊन येत नाही." तो हे सांगत होता तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. मृताच्या मानेत छर्रे सापडले होते आणि जीव त्यांनीच गेला होता.

मृताच्या मेहुण्याच्या, म्हणजे खबर घेऊन आलेल्या त्या तरुणाच्या घराची झडती घेतली. भाताच्या कणगीत ठासणीची बंदूक मिळाली, अर्थात बिनपरवान्याची. गावात चौकशी केली, तर एका लग्नात सगळ्यांदेखत या दोघांची मारामारी झालेली. माझे फौजदार खूश झाले. "साहेब, सरळ खून आहे. अस्वल वासाने मागाहून आलं असेल." सगळं कसं चपखल बसत होतं आणि म्हणूनच मला चैन पडत नव्हतं. इतका व्यवस्थित गुन्हा सहसा कागदावरच असतो, माणसं इतकी व्यवस्थित नसतात.

ठाण्याच्या फाटकाशी मृताची बायको येऊन बसली होती. आतल्या कोठडीत होता तो तिचा सख्खा भाऊ. नवरा गेलेला, भाऊ गजाआड. तिने जेवणाला हात लावला नाही की आरडाओरडा केला नाही. मी दिसलो की एवढंच विचारायची, "माह्या भावानं मुद्दाम मारलं का जी?" त्या प्रश्नाचं उत्तर शोधणं हे माझं काम होतं.

भावाची चौकशी मी स्वतः केली. "बार माहाच होता," एवढं त्याने लगेच कबूल केलं आणि पुढे तोंड शिवून बसला. खोटं बोलणारा माणूस न विचारलेले तपशील पुरवत जातो, हा माझा अनुभव. हा मात्र स्वतःच्या बचावाचंही बोलत नव्हता. मी समजावलं, दरडावलं, चहा पाजला. फौजदार म्हणाले, माझ्या हवाली करा. मी नाही म्हटलं.

मग बहिणीचा जबाब घ्यायला बसलो. लेखनिक लिहीत होता. काहीतरी वाईट झाल्याचं तुला कधी वाटलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, "सकाळीच. मी दारात उभी होती. रोज डब्बा वाजते. त्या दिवशी डब्बा वाजलाच नाही."

त्या गावची रीत अशी होती की मोहाखाली जायच्या आधी लांबूनच तेलाचा रिकामा डबा काठीने बडवायचा. आवाज झाला की अस्वल निघून जातं. भांडणाची हौस त्यालाही नसते. दचकलं तरच ते अंगावर येतं.

मी तसाच उठून कोठडीपाशी गेलो. बंदुकीचं नाही, भांडणाचं नाही, फक्त एकच विचारलं. "काय रे, डबा का नाही वाजवला?"

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "वाजवला असता त ते पळून गेलं असतं जी."

आणि तो ढसाढसा रडायला लागला. लग्नातलं भांडण केव्हाच मिटलं होतं. त्याने नुकतीच कुठून तरी ती बंदूक मिळवली होती. दरवर्षी आडवं येणारं अस्वल या खेपेला संपवायचं, असं दोघांनी मिळूनच ठरवलं. डबा घरी ठेवला आणि पाय न वाजवता गेले. भाऊजी वाकून फुलं वेचत होता, हा बंदूक धरून उभा. अस्वल झाडामागेच होतं. ते दचकलं आणि थेट भाऊजीवर पडलं. माणूस आणि जनावर एकत्र लोळत होते, भाऊजी ओरडत होता. याने बार टाकला.

नुसत्या रडण्यावर मी कधी विश्वास ठेवला नाही. डॉक्टरांना पुन्हा विचारलं. नखांच्या जखमा जिवंतपणीच्याच होत्या, म्हणजे अस्वल मागाहून आलेलं नव्हतं. जागेवर पुन्हा गेलो, तर झुडपात काळ्या केसांचे रक्ताळलेले पुंजके मिळाले. त्यांत छर्रेही होते, म्हणजे बार अस्वलावरच टाकलेला होता. खुनाचं कलम गळलं. हयगयीने मृत्यू आणि हत्यार कायदा, एवढ्यावर दोषारोपपत्र गेलं.

बहिणीला मी स्वतः सांगितलं. "मुद्दाम नाही मारलं. वाचवायलाच गेला होता." तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, सुटली बिचारी. पण थोड्या वेळाने ती म्हणाली, "डब्बा रांजणापाशीच होता जी. मले दिसला होता. मी म्हटलं, आज बंदूक हाय, असू दे."

मी एवढं सांगून थांबलो. जावई लॅपटॉपच्या झाकणावर बोट फिरवत होता. मग हळूच म्हणाला, "पण बाबा, ती गावठी बंदूक होती. मॉडर्न वेपन असतं तर..."

"तर नेम चुकला नसता, असंच ना?" मी म्हणालो. "थरथरत्या हाताने, धावत्या जनावरावर, तेही तुझी बायको त्याच्या पुढ्यात असताना. सरावाच्या मैदानावर पुठ्ठा हलत नाही. तिथल्या अस्वलांचं मला काही कळत नाही, ते तिथल्या माणसालाच विचारा. मिरचीचा फवारा घ्या, त्या मित्राला न्यायची असेल तर त्याची बंदूक नेऊ दे. पण बंदूक आहे म्हणून गप्प चालू नका." आवाज चढला होता माझा. मुलीने माझा हात धरला.

नोकरीत मी बरीच हत्यारं जप्त केली. बंदुकीने माणूस मरतो हे सांगायला पोलीस लागत नाही. मला त्या प्रकरणाने शिकवलं ते वेगळंच. बंदूक हातात आली की माणूस आधी आपली जुनी खबरदारी घरी ठेवतो. गोळी नंतर सुटते, चूक त्याआधीच झालेली असते. कलम लावताना मात्र आम्ही फक्त गोळीचं लावतो.

त्यानंतर घरात कुणी विषय काढला नाही. जावई सामान बांधण्यात गढला होता. त्याला पटलं की राग आला, कळायला मार्ग नव्हता आणि विचारायचा धीर मला होत नव्हता. निघायच्या सकाळी टॅक्सी आली, मुलगी पाया पडली, म्हणाली, "बाबा, चहा करून घ्या, सगळं प्रेसमध्ये आहे." गाडी वळणाआड जाईपर्यंत मी दारात उभा होतो.

प्रेस म्हणजे इथल्या बोलीत कपाट. ते उघडलं. चहाचा पत्र्याचा मोठा डबा जागेवर नव्हता. चहाची पूड प्लास्टिकच्या पिशवीत ओतून रबर लावून ठेवली होती. तिच्यावर जावयाने चिठ्ठी चिकटवली होती, "बाबा, डबा आम्ही नेलाय."

मी तिथेच खुर्ची ओढून बसलो. चहा बराच वेळ केला नाही.