तुटक्या दाताची काचेची वाटी

सायकलच्या स्पोकचा कॅलिपर, वाट्या फिरवून बसवायला सागाच्या खुंट्या, त्यांवर कानशीनं पाडलेले आटे, कापूस भरलेल्या कप्प्यांची पेटी. सगळं माझ्या हातचं. शिकवलं कुणी नाही. तारायंत्राच्या खांबांवर तार अडकवायला उपड्या बसवलेल्या जुन्या काचेच्या वाट्या, म्हणजे इन्सुलेटर, मी जमवतो. तोवर मिळालेल्या सगळ्यांची कड सपाट होती, दातेरी एकही नव्हती. १९८२च्या हिवाळ्यात एक कंडक्टर म्हणाला, लाखनीपुढं तलावावर एक ढिवरीण वजन म्हणून तशी दातेरी वाटी ठेवून मासळी तोलते. दुसऱ्याच दिवशी निघालो.

भंडाऱ्याहून सकाळची एस.टी. धरावी, नंतर ट्रकांमागं रखडायला होतं. लाखनीला आलूबोंडा खाऊन घ्यावा, पुढं काही मिळत नाही. सायकल भाड्यानं मिळते. धानाच्या बांध्यांमधला रस्ता मुरमाचा आहे, पण चुकायची भीती नाही.

ती ढिवरीण, रुखमाबाई, तलावाच्या पाळीवर ताजवा घेऊन बसल्या होत्या. पारड्यातली निळसर वाटी मी उन्हात धरली आणि तिच्यावरून नख फिरवलं. दोन फाकांच्या साच्यात ओतलेल्या वाटीवर सांध्याची शीर डोक्यावरून पलीकडं उतरते. हिच्यावर ती घुमटाखालीच गोल फिरली होती, म्हणजे साचा तीन तुकड्यांचा. कडेला पावसाचं पाणी गळून जायला बारीक दात. एक तुटलेला.

“काहून बा, काच चाटून राहिले का?” एक गिऱ्हाईक म्हणालं.

मी पैसे विचारले. रुखमाबाई हसल्या. “पैसे पारड्यात ठेवू का भाऊ? बराबर वजनाचं काही द्या, मंग न्या.”

एक दगड उचलला आणि पायरीवर घासायला बसलो. घासायचं, तोलायचं, पुन्हा घासायचं. तेवढ्यात दिसलं, गिऱ्हाइकाच्या प्रत्येक तोलावर बाई एक झिंगा वरून टाकतात.

“हा कायचा?”

“तुटल्या दाताचा. तेवढं वजन कमी भरते नं.”

मी म्हटलं, मग दगड दाताएवढा जड ठेवतो, झिंगा वाचेल.

“नोको भाऊ. झिंगा तं लोकं मांगतीनच. मले दोन्हीकडून मार.”

“दगडाचाही दात पाडा,” तेच गिऱ्हाईक म्हणालं.

पाडला, म्हणजे दगड तुटक्या वाटीएवढाच हलका केला. काटा मध्यावर स्थिर झाला तेव्हा उन्हं कलली होती. रुखमाबाईंनी भात आणि झिंग्याची चटणी वाढली, वाटी पदराच्या चिंधीत बांधून दिली. शेवटची बस कशीबशी मिळाली. बोटं सोलली होती, पण इतका भरून पावून क्वचितच घरी आलो असेन.

पेटीतल्या वाट्यांपेक्षा मला त्या दगडाचा अभिमान जास्त आहे. रुखमाबाईंच्या पारड्यात तो अजून झिंग्यासकट बरोबर तोलतो.

पुढं अशा वाट्या जमवणारे नागपूरचे एक शौकीन घरी आले. तुटका दात पाहूनही त्यांनी वाटीचे तीनशे रुपये समोर ठेवले. मी नाही म्हटलं.