मूत्राशयातला हिरवा सिग्नल

आजार एकाचा आणि ज्ञान पाजणारे दहा! माझ्या मूत्राशयात गाठ निघाली, तेव्हापासून बिट्टन मार्केटच्या आमच्या चहाच्या टपरीवर किस्से नुसते साचत चाललेत.

सुरुवात साधीच. एकदा लघवी लाल झाली. दुखलं नाही, खुपलं नाही, दुसऱ्या दिवशी साफ. मी म्हटलं, बीट खाल्लं असेल! बायकोने मात्र ओढत दवाखान्यात नेलं. दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली, पण डॉक्टर मॅडमनी बजावलं, "अंकल, ये वापस आती है. चेकअप मत छोड़ना."

*

गाठ वाढते कशी, हे मॅडमनी समजावलं. पेशीच्या अंगावर प्रोटीन असतात. बाहेरून निरोप आला की ती आत कळवतात, "वाढा!" माझ्यातलं एक बिघडलंय. निरोप नसतानाही बोंबलतंय, "वाढा, वाढा!"

बायकोने विचारलं, "काय म्हणाल्या?"

"प्रोटीनची भानगड आहे."

झालं! डाळ बंद, पनीर बंद, अंडी बंद. रोज दुधीभोपळा! पुढच्या खेपेला मॅडमनी कपाळावर हात मारला, "आंटी, वो खाने वाला प्रोटीन नहीं है! इन्हें दाल खिलाइए!"

बायकोचा संशय अजून गेलेला नाही. वरण अर्धीच वाटी मिळतं.

*

टपरीवरचा आमचा बर्वे रेल्वेतून रिटायर झाला. स्टेशनचं नाव बदललं, तरी हा अजून हबीबगंजच म्हणतो. त्याला हे सांगितलं तर भडकलाच.

"सिग्नल बिघडला की लाल पडतो, गाडी थांबते! तुझ्यात बिघडल्यावर पळते कशी? कोणत्या गाढवाने डिझाइन केलंय?"

मी मॅडमना तसंच विचारलं. त्या हसल्या. त्यांचं उत्तर मी टपरीवर मराठीत सांगितलं, "इथे बिघडला की हिरवाच अडकतो. काही जणांना गोळीने तो बंद करता येतो, पण कधी कधी गाठ दुसरी वाट काढते."

"मेन लाइन बंद, तर बाजूची लूप लाइन!" बर्वे ओरडला. मग बराच वेळ चहा ढवळत बसला. साखर घातलीच नव्हती.

*

टपरीवरचा तिसरा वाघमारे, नागपूरचा. सरकारी ऑफिसात जन्म गेला. सिगरेट हे मोठं कारण, असं मॅडम म्हणाल्या, म्हणून मी सोडली. हा अजून ओढतो, धूर तेवढा तोंड फिरवून सोडतो.

गाठ पसरते कशी, ते मी त्याला सांगत होतो. सिग्नल मिळाला की पेशी शेजारणीचा हात सोडते, भिंतीत घुसते, रक्तातून लांब जाऊन बिऱ्हाड थाटते.

वाघमारे म्हणाला, "आमचा पोट्टा बंगलोरले गेला, तो असाच! त्याला सिग्नल कोणी देल्ला, तेवढं विचारजो ना मॅडमले!"

काय कपाळ विचारू? माझंच मला कळेना!

*

परवा चेकअप झाला. साफ! मला तर रडूच आलं. टपरीवर सगळ्यांना पोहे-जलेबी. बर्वे टाळ्या वाजवत होता, "लाल पडला रे, अखेर लाल पडला!"

वाघमारेने जलेबीला हात लावला नाही. निघताना स्कूटरपाशी मला बाजूला घेतलं.

"काय गा, तुला पहिल्यांदा लाल झाली, तवा दुखलं नव्हतं ना?"

"नाही."

"अन् दुसऱ्या दिवशी साफ?"

"साफ."

"बरं," म्हणाला आणि स्कूटरला किल्ली लावायला लागला. लागेचना.

मी किल्ली त्याच्या हातातून घेतली.

"मागे बस."